पाचोडकडच्या तळ्यात लुचकी नाही, मी उतरून बघितलंय

या ब्लॉगवर आजवर मी हौसेनं केलेल्या सहलींबद्दल लिहीत आले. वेरूळच्या लेण्यांमागची पायवाट, डोंगरावरची छोटी देवळं, कुठल्या ढाब्यावर शेवभाजी चांगली मिळते, असलं सगळं. हा प्रवास हौसेचा नव्हता. मी संतापून घराबाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी परतले तेव्हाही संतापलेलीच होते. तरी सगळं नीट लिहितेय, कारण ही भानगड याच ब्लॉगवरून सुरू झाली.

मे महिना होता. आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि त्या आठवड्यात तेही आलं नव्हतं. सोसायटीनं टँकर मागवला होता. मी गच्चीवरच्या टाकीत पाइप धरून उभी असताना तळमजल्यावरचे शेळके काका जिने चढून वर आले. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत, गुडघ्यांमुळे कधी वर येत नाहीत. त्यामुळे ते दिसताच मी पाइप टाकीत सोडून त्यांच्याकडं वळले.

"रेवती, हे तुझंच हाय ना?" त्यांनी मोबाइल पुढं केला.

व्हिडिओत मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पाचोड परिसरातल्या तळ्यात रक्तपिपासू जीव? म्हशी दगावल्या? मासे खाणं धोक्याचं?' आणि खाली माझं चित्र. त्यावर चिखलाचा रंग फासलेला, कडा धूसर केलेल्या, म्हणजे फोटो वाटावा. कोपऱ्यातली माझी सही कापून टाकलेली.

ते चित्र लुचकीचं होतं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि गेली दोन वर्षं स्वतःची एक कादंबरी लिहितेय. ती पाणथर नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. तिथं जिकडंतिकडं पाणी, दलदल, होड्या, लव्हाळी. आयुष्यभर घागरी मोजलेल्या बाईनं दुसरं कुठलं राज्य कल्पावं? त्या दलदलीत लुचकी राहते. वीतभर लांब, राखाडी, आरपार दिसेल अशी. डोळे नाहीत. गोल तोंडाला पदराच्या दशांसारखी झालर. चिखल तुडवत जाणाऱ्याच्या मानेमागं ती चिकटते आणि त्याची तहान पिते. रक्त नाही, तहान. माणसाला तहान लागायचीच बंद होते, तो पाणी पीत नाही, दिवसेंदिवस वाळत जातो आणि लुचकी फुगत जाते. दोन महिन्यांपूर्वी मी तिचं चित्र इथं टाकलं होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं की हा माझ्या कादंबरीतला जीव आहे.

काकांनी व्हिडिओ मागं नेऊन थांबवला. "हा बांध बघ. बांधावरचं देऊळ बघ. हे आमच्या कांताचं गाव हाय."

कांता म्हणजे त्यांची भाची. काकांनी तिला फोन लावला, तो लागला नाही. मी व्हिडिओखालच्या नंबरावर फोन केला. एका तरुण आवाजानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला क्रेडिट पाहिजे का?" मी म्हटलं, क्रेडिट नको, व्हिडिओ काढून टाका. "बघतो," म्हणाला, आणि त्यानंतर माझा नंबर त्याच्याकडं लागेनासा झाला.

त्याच क्षणी जायचं ठरलं. काका म्हणाले, "उद्या पाचोडचा बाजार हाय. समदे लोक तिथंच भेटतेन."

सकाळी सातला मध्यवर्ती स्टँडवरून बीडकडं जाणारी गाडी पकडली. जाणाऱ्यांसाठी: पाचोडला थांबणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, सव्वा ते दीड तास लागतो, बायकांना अर्धं तिकीट. डावीकडं बसू नका, या दिवसांत सकाळचं ऊन त्याच बाजूनं भाजून काढतं, असं काका म्हणाले. आम्ही उजवीकडं बसलो आणि तरीही भाजलो.

बायपास सोडेपर्यंत शहर संपत नाही. मी कॉलेजात असताना इथं ज्वारी होती. आता दहा-दहा मजली इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या फलकावर पाणी आहे. एकीवर निळाशार पोहण्याचा तलाव, एकीवर कारंजं, एकीचं नाव तर चक्क 'नदीकिनारा'. जवळपास नदी नाही. झाल्टा फाट्यापर्यंत मी रस्त्यात टँकर बघत होते, एकामागून एक, शहराच्या दिशेनं. त्यांच्या मागच्या तोटीतून सांडणाऱ्या पाण्याची रस्त्यावर बारीक ओली रेघ उमटत होती आणि आमची गाडी पोचेपर्यंत वाळूनही जात होती.

आडूलच्या पुढं मोसंबीच्या बागा सुरू होतात. एरवी हा पट्टा हिरवागार असतो, पाचोडची मोसंबी लांब लांब जाते. त्या दिवशी कित्येक बागांत नुसती वाळलेली झाडं होती. एका शेतात माणसं बुंध्याला कुऱ्हाड घालत होती. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "पंधरा वर्सांचं झाड," एवढंच म्हणाले.

पाचोडला उतरल्यावर आधी खाऊन घ्या. बाजाराच्या तोंडाशी भज्यांचे गाडे लागतात. कांदाभजी, तळलेली मिरची आणि वर कडक गोड चहा. दोघांचं पोट भरलं आणि पन्नासाची नोटसुद्धा पुरली. बाजार मोठा आहे. शेळ्या, बैलांच्या वेसणी, स्टीलच्या घागरी, सुकं खोबरं, मिरच्यांचे ढीग. पाण्याचे प्लास्टिकचे ड्रम तर दोन रांगा भरून मांडलेले. मिरची-मसाल्याची गल्ली संपली की शेवटी मासे.

तिथं एकच बाई बसली होती. पन्नाशीची, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, समोर ओल्या पोत्याखाली टोपली. आसपासच्या बोळांत रेटारेटी आणि हिच्यासमोर मात्र मोकळी जागा. मी वाकून बघितलं. मरळ होती, कटला होता, तोंडं अजून उघडमीट करणारे.

"ताई, नका घेऊ," शेजारून जाणारा एक माणूस आपणहून म्हणाला. खिशातून मोबाइल काढून त्यानं मला माझंच चित्र दाखवलं. "हे बगा. त्याच तळ्यातले मासे हायेत ते."

"ते चित्र मी काढलंय," मी म्हणाले. "असा प्राणी नाही."

त्यानं माझ्याकडं, मग मोबाइलकडं बघितलं. "मोबाइलवर आलंय की," म्हणाला आणि निघून गेला.

बाईनं मात्र ऐकलं होतं. ती उठून उभी राहिली.

"तू काढलंस?"

"हो. गोष्टीच्या पुस्तकासाठी. माझ्या नकळत उचललं त्यांनी."

"तुला दुसरं काई काढाया नव्हतं व्हय?" ती इतक्या जोरात म्हणाली की मिरचीवालेही वळले. "मोर काढायचा. फुलं काढायची. हा उन्हाळा म्हंजी आमचे पंधरा दिस. तळं आटलं की मधल्या डोहात समदा मासा गोळा होतो. आत्ता धरला तर धरला, नाय तर चिखलात मरून जातो. तीन बाजार झाले. बोहनी नाय. एक मासा नाय खपला."

मी माफी मागितली. माझी चूक नव्हती हे मला ठाऊक होतं आणि तरीही मागितली. तिनं ती घेतली नाही. पदरानं टोपलीवरच्या माशा हाकलत म्हणाली, "मला नको सांगू. गावात चल आन् तिथं सांग."

तिचं नाव सुमनबाई. ती कांताच्याच गावची निघाली. भरलेली टोपली तिनं पुन्हा पोत्यानं झाकली, आणि आम्ही तिघं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलो. जीप चौदा माणसं झाल्याशिवाय हलत नाही. टोपली बघून दोन बाया उतरून मागच्या जीपमध्ये गेल्या. सुमनबाईनं समोर बघत ते न पाहिल्यासारखं केलं.  या बाईच्या हातचे मासे त्या दोघींनी वर्षानुवर्षं खाल्ले असतील.

गावाचं नाव मी लिहीत नाही. व्हिडिओनं त्याची पुरेशी बदनामी केलीय.

कांताच्या दारात पोचलो तर तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. काका जिथल्या तिथं थांबले.

"हे काय गं? कवा झालं?"

"आठ दिस झाले मामा. तुमाला कामून तरास द्यायचा म्हून कळवलं नाय." तिनं डाव्या हातानं आम्हाला पाणी दिलं. तांब्यात अर्धंच होतं. मग तिनं सगळं सांगितलं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गावातल्या बाया तळ्याच्या काठच्या वाळूत झिरे खणतात. हातभर खड्डा केला की स्वच्छ पाणी पाझरतं, वाटीवाटीनं घागर भरायची. व्हिडिओ आला आणि कुणीतरी म्हणालं, तो जीव वाळूतून झिऱ्यात येतो. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई तिकडं फिरकली नाही. सगळ्या टेकडीपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या, भरल्या घागरी घेऊन खडकाळ उतार उतरायचा. तिथंच कांता घसरली. ज्यांना जाणं झेपत नाही ते ड्रमवारी पाणी विकत घेतात.

"टँकर त्याच हप्त्यात सुरू झाला," कांता म्हणाली. "खासगी. आधी कधी येत नव्हता."

पुढचं वाक्य तुमच्या मनात आलं तसं माझ्याही आलं. पुरावा माझ्याकडं नाही, म्हणून मी ते लिहिणार नाही. पण कुणाचा हात मोडतो तेव्हा कुणाचा फायदा होतो, हे मला त्या ओसरीवर बसून दिसत होतं, आणि माझं चित्र मधोमध होतं.

काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, आता तूच बोल गावाशी."

चावडीच्या ओट्यावर उन्हं कलताना माणसं जमली. बाया बाजूला उभ्या. मी बोलायला लागले आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की कुणी ऐकत नाही. मोबाइलमधल्या लाल अक्षरांपुढं माझं बोलणं फिकं पडत होतं. मग मी पिशवीतून चित्रवही काढली, ओट्यावर मांडी घातली आणि म्हटलं, "बघा. इथंच काढते."

आधी अंग काढलं, मग तोंडाची झालर. डोकी माझ्या वहीवर वाकली. व्हिडिओतला जीव माझ्या पेन्सिलीखालून जसाच्या तसा उमटत होता. मी म्हटलं, "हिला मिशा काढू का? शिंगं?" आणि काढल्या. लोक हसले. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात पुढं बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पण ताई, न बघता काढता येतंय व्हय?"

"येतं बाबा. मनानं काढतात."

"मनात कुठून आलं मग?" बाबा शांतपणे म्हणाले. "काई तरी दिसलं असंल तवाच ना?"

दोन-चार माना डोलल्या. मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्यावर रागावता येईना. प्रश्न खरा होता. मी सांगितलं की लहानपणी आमच्याकडं टँकरच्या रांगेत एक आजी उन्हात चक्कर येऊन पडल्या होत्या, आणि पाणी दिलं तर म्हणाल्या, नको, तहानच नाही. तो चेहरा मनात राहिला होता, त्यातून लुचकी आली.  मग मागून एका बाईनं विचारलं, "आन् ती चिकटल्यावर इलाज काय?"

दोन वर्षं लिहितेय, पण इलाज मी ठरवलाच नव्हता. "अजून सुचला नाही," मी कबूल केलं.

"बळंच पाणी पाजायचं," ती म्हणाली. "नाय म्हणलं तरी पाजायचं. सुटंल."

"झालं का तुमचं?" सुमनबाई पुढं आली. "चित्रानं काई होत नाय. ताई, सलवार वर कर आन् चल."

सगळा घोळका आमच्यामागं तळ्यावर आला. तळं म्हणजे भेगाळलेली पांढरी जमीन, मग ओलसर काळा पट्टा, मग गुडघाभर चिखल आणि अगदी मधे मावळतीच्या उजेडात चमकणारा डोह. लोक बांधावरच थांबले. काका म्हणाले, "माझे गुडघे चांगले असते तर आलो असतो." ते खरं बोलत होते.

मी सलवार वर दुमडली आणि सुमनबाईच्या मागं उतरले. खरं सांगते, भीती वाटली. माझ्याच डोक्यातल्या जीवाची मला भीती वाटली, इतका तो व्हिडिओ शंभरदा बघून झाला होता. चिखल कोमट होता. प्रत्येक पावलाला तो पाय धरून ठेवत होता आणि सोडताना फुसकन आवाज करत होता. डोहापर्यंत पोचलो. सुमनबाईनं जाळं टाकलं, ओढलं, आणि मासे उडू लागले. आम्ही जाळं धरून परत काठावर आलो तेव्हा मला घोट्याजवळ काहीतरी थंडगार लागलं.

खाली बघितलं तर काळं, लांबुळकं, चिकटलेलं.

मी किंचाळले. बांधावरून त्याच क्षणी पन्नास माणसं किंचाळली. काहीजण पळाले. मला दिसलं की मी गावाचं कल्याण करायला आले आणि त्यांची शेवटची शंकाही पक्की करून बसले.

सुमनबाईनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. कमरेची चंची सोडून चिमूटभर चुना काढला आणि त्यावर लावला. तो जीव आक्रसला आणि गळून पडला. तिनं तो चिमटीत धरला आणि बांधाकडं उंच करून दाखवला.

"ही काय हाय?" ती ओरडली. "सांगा की! धुरपदाबाई, तुमच्या म्हशीला रोज काय लागतं?"

 मग कुणीतरी म्हणालं, "जळू हाय ती."

"जळूच हाय! जल्मापासून बगतोय. आज्जा-पणज्यापासून हाय तळ्यात. तिच्यापायी कुणी मेलं का? मंग मोबाइलात बगून माज्या टोपलीला कामून शिवंनात?" तिचा आवाज फाटला. ती रडत होती आणि तिला त्याचा राग येत होता.

धुरपदाबाई म्हणजे मघाशी इलाज सांगणारी बाई. ती बांधावरून उतरली, आमच्यापाशी आली, वाळूत बसली आणि हातानं झिरा उकरायला लागली.  थोड्या वेळानं आणखी दोघी उतरल्या.

नेमक्या त्याच वेळी मोटारसायकलवरून चॅनलवाला आला. चावडीवरच्या कुणीतरी त्याला फोन केला असणार. पंचविशीचा, केस तेल लावून बसवलेले, हातात लाल माइक. माझ्या घोट्यावरून रक्ताची बारीक धार वाहत होती, त्यानं सगळ्यात आधी मोबाइल तिच्यावर धरला.

"मॅडम, नेमकं काय चावलं? प्रेक्षकांना सांगाल?"

"तुम्ही माझं चित्र चोरलंत," मी म्हणाले. "सही कापलीत. खोटा फोटो केलात. ह्या बाईचे मासे खपत नाहीत, पाण्यापायी एका बाईचा हात मोडला."

"आम्ही कुठं म्हटलं खरंय म्हणून?" तो अगदी सहज म्हणाला. "आम्ही फक्त प्रश्न विचारले. नीट बघा, प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्या वेळी माझी बोटं वळली होती. प्रश्नचिन्हाच्या इतक्या छोट्या आकड्यामागं एवढा मोठा माणूस लपू शकतो हे मी पहिल्यांदा बघत होते.

"मग उत्तर शोधायला तळ्यात उतरला होतात का?" मी विचारलं.

"टाइम कुठं असतो मॅडम."

"आता हाय की टाइम," सुमनबाई म्हणाली. "बूट काढ. ये. तुज्या प्रेक्षकांना आतून दाव."

त्यानं स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडं बघितलं. झिरा उकरणाऱ्या बाया थांबून त्याच्याकडं बघत होत्या. "बूट काढ रं," धुरपदाबाई म्हणाली. मग बांधावरूनही आवाज आला, "काढ, काढ!" तो हसायचा प्रयत्न करत मागं सरकला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. बाया मोठ्यानं हसल्या. मी हसले नाही. मला माहीत होतं, मोबाइल पूर्ण वेळ चालू होता.

त्या संध्याकाळी कांताच्या अंगणात सुमनबाईनं मासे तळले. तिखट, हळद, मीठ आणि वर लसूण. ज्वारीची भाकरी मी थापली, कांता एका हातानं शेकत होती. शेजारची तीन घरं जेवायला आली, दोन आली नाहीत. "बळजबरी नाय," सुमनबाई म्हणाली, पण तिनं त्या दोन्ही घरांच्या दारांकडं पुन्हा पुन्हा बघितलं.

सकाळी उजाडताच मी तळ्यावर गेले. वाळूत सात झिरे होते आणि रांगेत बऱ्याच बाया. कालचे बाबाही आले होते, काठी टेकून. मला म्हणाले, "ताई, मी नातीला सांगितलं, पी. पयले मी प्यालो." वाटीभर पाणी त्यांनी मलाही दिलं. त्याला मातीचा वास होता आणि ते फार गार होतं. मी सगळं प्यायले.

टँकर त्या सकाळीही आला. चार-पाच ड्रम भरून गेला. सगळं गाव एका दिवसात बदललं असं सांगून तुम्हाला खूश करणार नाही.

परतीच्या गाडीत काकांनी त्यांच्या मोबाइलवर नवा व्हिडिओ दाखवला. 'चित्रकार महिला दलदलीत उतरली आणि घडलं भयंकर?' माझा रक्ताळलेला घोटा. किंचाळी, बांधावरच्या कुणीतरी मोबाइलवर घेऊन त्याला पाठवलेली. चुना नाही, जळू नाही, सुमनबाई नाही. पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी बघितला होता. झाल्टा फाट्याला गाडी गर्दीत अडकली तेव्हा काका म्हणाले, "तू गेली नसतीस तर?" मी त्यावर बराच विचार केला. न जाता मला राहता आलं नसतं, आणि गेल्यानं त्या माणसाला दुसरा व्हिडिओ मिळाला. दोन्ही खरं आहे.

मी रीतसर तक्रार दिलीय. ती कुठं पोचेल ठाऊक नाही. कांताच्या हाताचं प्लास्टर निघालं, मूठ अजून नीट वळत नाही. सुमनबाईनं उरलेले मासे गावात आणि रस्त्यावरच्या एका ढाब्यावर विकले. हंगामाच्या शेवटच्या बाजाराला पाचोडला पाच गिऱ्हाइकं आली. तोवर डोह आटला होता. निम्म्याहून जास्त मासा चिखलात मेला, त्याचा वास गावभर आठवडाभर होता, असं कांता म्हणाली. तुम्ही त्या बाजूला गेलात तर मिरचीची गल्ली संपेपर्यंत चालत जा. मासे खात असाल तर घ्या.

गेल्या आठवड्यात माझ्या प्रकाशकांचा फोन आला. पुण्याचे, सज्जन गृहस्थ. दोन्ही व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचले होते आणि ते खुशीत होते. पुस्तक लवकर काढू म्हणाले. मुखपृष्ठावर लुचकी, आणि तिच्याखाली ठळक ओळ, 'मराठवाड्यातल्या तळ्यात खरोखर दिसलेला जीव?'

"प्रश्नचिन्ह टाकू ना आपण शेवटी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यानं पुस्तक जोरात खपेल."

"त्याच प्रश्नचिन्हानं सुमनबाईंचे मासे खपले नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, कोण सुमनबाई? मी सांगायला सुरुवात केली. बाजारापासून. ते मधेच म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण. मग मी त्यांना दिलेली चित्रं परत मागितली आणि फोन ठेवला.